तीन बोटं आणि एक ट्यूब

रेशनच्या दुकानात माझा अंगठा लागेना, तेव्हा कुठे मी या प्रकरणाकडे नीट बघितलं. हात त्याआधी चार-पाच महिने फुटलेलेच होते, पण हात फुटण्याला आमच्याकडे कुणी आजार म्हणत नाही. नाशिकची थंडी, दिवसभर पाण्यात हात आणि त्यात माझा डब्यांचा धंदा. दुकानदाराने मशीन पुसलं, मला अंगठा पदराला पुसायला लावला, तीनदा टेकवून बघितला आणि म्हणाला, "ताई, रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या. डावा लावा." डावा लागला, गहू-तांदूळ मिळाले.

घरी येऊन खिडकीशी हात धरला. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. या तिघांचीच टोकं खरखरीत, आडव्या-उभ्या चिरा पडलेली, कडेला कातडी भाजक्या पापडासारखी उठलेली. अनामिका आणि करंगळी मात्र अगदी साफ. थंडीने हात फुटला तर थंडीने दोन बोटं का सोडली, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. कणीक मळताना मीठ चिरेत गेलं की डोळ्यांत पाणी यायचं, एवढंच कळत होतं.

आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत राहतो. मी आणि माझी जाऊ मिळून रोज साठेक डबे करतो, बहुतेक कॉलेजच्या मुलांचे. पोळ्या आणि भाज्यांची फोडणी तिच्याकडे. निवडणं, सोलणं, वाटण आणि ठेचा माझ्याकडे.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हात दाखवला. काउंटरवरच्या पोराने खोकाही न वाचता एक ट्यूब पुढे केली. "हे लावा. फंगस असो, अॅलर्जी असो, इन्फेक्शन असो, तिन्हीवर चालतं." आणि चाललं की! चौथ्या दिवशी चिरा मिटल्या, खाज थांबली. मी लावणं बंद केलं. आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. पुन्हा लावलं, पुन्हा बरं. असं करत थंडी संपेपर्यंत तीन ट्यूब झाल्या.

इथपर्यंत चुकले ते सगळेच चुकतात तसं. पुढचं डोकं मात्र माझं स्वतःचं. हनुवटीवर आणि गालावर बारीक पुरळ आणि काळपट डाग होते, जुनेच. वाटलं, हाताच्या एवढ्या जाड कातडीला जे बरं करतं ते गालाला किती पटकन करेल! रात्री झोपताना लावायला लागले. तिसऱ्या दिवशी चेहरा खरंच उजळला. फेब्रुवारीत पुतणीचं लग्न होतं, तिथे नणंदेने मला बाजूला घेऊन विचारलं, "पार्लर कुठलं गं तुझं?" शेहेचाळिसाव्या वर्षी असं कुणी विचारलं की ट्यूब कोण बंद करतं?

दोन रात्री चुकल्या की गाल तापायचे आणि लावलं की शांत व्हायचे. माझा निष्कर्ष असा की औषध गरजेचंच आहे. चहा सुटला की डोकं दुखतं, म्हणून चहा हे डोकेदुखीचं औषध, तसला हा निष्कर्ष.

एप्रिल आला. गॅससमोर उभं राहिलं की चेहऱ्यावर कुणी गरम उलथनं टेकवतंय असं वाटायचं. नाकाच्या बाजूला लाल केसासारख्या बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पू धरलेल्या पुटकुळ्या, आणि त्याच हनुवटीवर मऊ लव. एका रात्री मुलीने मला बेसिनपाशी ट्यूब पिळताना बघितलं. ती बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"आई, क्लोबेटासॉल आहे हे! तू तोंडाला लावतेस?"

"चार महिने झाले," मी म्हटलं.

ती तिथेच खाली बसली. फार्माकॉलॉजीच्या पेपरात तिने स्टिरॉइडवर पानभर उत्तर लिहिलं होतं, आणि ही ट्यूब इतके दिवस तिच्याच टूथब्रशशेजारी पडून होती. त्या रात्री ती माझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त चिडली होती.

त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही तिघं गेलो. आमचे हे का आले ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणाले, गाडी लावायला कुणीतरी हवं. मॅडमनी चेहरा बघून फक्त "ट्यूब आणलीय?" विचारलं. मी पिशवीतून दोन काढल्या. त्यांनी खोक्यावरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. क्लोबेटासॉल म्हणजे स्टिरॉइडच्या ताकदीच्या सात पायऱ्यांपैकी सगळ्यात वरच्या पायरीचं. सोबत एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक. शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हेही तिथेच छापलेलं. यातली बरीच मलमं 2018 मध्ये या यादीत आणली गेली, असं त्यांनी सांगितलं. आमच्या कोपऱ्यावर ती यादी अजून पोचलेली दिसत नाही.

मग त्यांनी हात मागितले. दोन्ही उलटसुलट केले, उजव्या हाताची तीन बोटं दाबली आणि विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या आहात?"

मी चाट पडले. लहानपणी शाळेत मारून मारून अक्षर उजव्या हातावर आणलं माझं, पण सुरी डाव्याच हातात येते. हे त्यांना कसं कळलं?

"सुरी डाव्या हातात, मग उजव्यात काय असतं? दाखवा, कसं धरता."

मी हवेत धरून दाखवलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. चिमटीत लसणाची पाकळी. रोज अर्धा किलो लसूण, सात वर्षं. ज्या हातात सुरी तो हात सुरक्षित आणि ज्या हातात लसूण त्याची तीन टोकं गेलेली. स्वयंपाक करणाऱ्यांत ही खूण इतकी ठरलेली आहे म्हणे, की डॉक्टर बोटं बघूनच लसूण म्हणतात. लसणातलं डायअॅलिल डायसल्फाइड नावाचं रसायन हे त्यातलं मुख्य कारण. मॅडमनी मात्र अॅलर्जीची पॅच टेस्ट होईपर्यंत नक्की म्हणायला नकार दिला.

पण चेहऱ्याचं काय? एकच ट्यूब. बोटांवर तीन-चार महिने अधूनमधून लावून बोटं होती तिथेच, आणि गालावर तेवढ्याच दिवसांत हा उत्पात. मॅडमनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आकडे लिहिले. फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी 1967 मध्ये शरीराच्या वेगवेगळ्या जागी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड लावून मोजलं होतं की आत किती जातं. हाताचा पुढचा भाग, म्हणजे कोपर ते मनगट, हा एक धरायचा. तळपाय 0.14. तळहात 0.83. कपाळ 6. जबड्याची कडा 13.

"म्हणजे तुमच्या तळहातापेक्षा हनुवटीकडून साधारण पंधरा पट जास्त आत गेलं," त्या म्हणाल्या. "आणि पुरुषांत सगळ्यात जास्त कुठून जातं, तर वृषणाची कातडी. 42."

माझ्या शेजारच्या खुर्चीतून एक खाकरणं ऐकू आलं. आमचे हे जमिनीकडे बघत होते. मॅडम त्यांच्याकडे बघत थांबल्या. शेवटी यांनी कबूल केलं की जांघेत खाज होती, घरात ट्यूब होतीच, दोन महिन्यांपासून तेही लावतायत. तिसरी ट्यूब इतक्या लवकर कशी संपली याचा उलगडा झाला. मुलगी भिंतीवरचं सनस्क्रीनचं पोस्टर वाचायला लागली.

यांचा तर साधा नायटा होता. पडद्याआड कातडी खरवडून काचेवर घेतली, पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर बुरशीच्या फांद्या. स्टिरॉइडने खाज आणि लाली दबते, बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं, आणि नायट्याचं ते ओळखीचं गोल कडंही पुसट होतं. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं की, असं हे म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "एकाच भांड्यात विस्तव आणि पाणी घालून चहा होत नाही." यांना नुसतं बुरशीचं मलम आणि गोळ्या मिळाल्या.

घरी आल्यावर मुलीने मला शिकवणी दिली, डब्यांच्या हिशेबाच्या वहीत चित्रं काढून. ही शिकवणी मला आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा. खारीच्या पापुद्र्यांसारखे पंधरा-वीस पापुद्रे आणि मध्ये तुपासारखी चरबी. सगळं मिळून केसाच्या जाडीपेक्षा कमी. तळहातावर आणि तळपायावर मात्र ढीगभर. मलम याच तुपातून वाट काढत खाली उतरतं. खाली जिवंत पेशी. स्टिरॉइड पेशीच्या आत शिरतं, तिथे त्याच्यासाठीच वाट बघत असलेलं एक प्रथिन त्याला पकडतं आणि दोघं मिळून पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे जनुकांवर बसून ठरवतात की कुठला कारखाना चालू ठेवायचा आणि कुठला बंद. सूज पेटवणारे निरोप लिहिणारे कारखाने बंद. सुजेचा कच्चा माल सोडणाऱ्या एन्झाइमला आवरणारं प्रथिन चालू. म्हणूनच ते बामसारखं लावल्या लावल्या काम करत नाही, त्याला काही तास लागतात.

"मग वाईट काय त्यात?" मी विचारलं.

"वाईट हे की ते फक्त सुजेचेच कारखाने बंद करत नाही. कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट धरणारं प्रथिन, बनवणाऱ्या पेशींनाही गप्प बसवतं. कातडी पातळ होते, खालच्या शिरा दिसायला लागतात. तुझ्या नाकाशेजारी दिसतात तशा."

आणि तो लग्नातला उजाळा? त्याचंही उत्तर तिच्या पुस्तकात होतं. स्टिरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जागा फिकट पडते. 1962 पासून स्टिरॉइडची ताकद मोजायला हीच गोष्ट वापरतात: हातावर लावायचं आणि किती पांढुरकं पडतं ते बघायचं. म्हणजे नणंदेने ज्याला पार्लर म्हटलं ती ताकदीची चाचणी होती. आकसलेल्या वाहिन्या ट्यूब बंद झाली की बदला घेतल्यासारख्या फुलतात. दोन रात्री चुकल्यावर गाल तापायचे ते याचमुळे.

बदला मी पुढचे तीन आठवडे पुरेपूर भोगला. चेहऱ्यावरची ट्यूब पूर्ण बंद. पोटात डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक, वरून बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस्स. साबणही नाही. पहिला आठवडा चेहरा टोमॅटोसारखा. रात्री ओल्या पंच्याची घडी गालावर ठेवून पंख्याखाली बसायचे. डबे न्यायला येणाऱ्या मुलांसमोर मास्क लावून जायचे. एकदा रात्री दोनला उठून ट्यूब शोधली. मुलीने ती आधीच फेकली होती. त्या क्षणी तिचा फार राग आला होता, लपवत नाही.

लाली जरा उतरल्यावर मॅडमनी टॅक्रोलिमस नावाचं, स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं, 0.03 टक्क्यांचं, रात्री मटाराएवढं, कोरड्या चेहऱ्यावर. आधीच सांगितलं होतं, आठवडाभर झोंबेल, पळून जाऊ नका. झोंबलं कसलं, मिरची कापलेल्या हाताने तोंड पुसल्यावर होतं तेच. ते मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं म्हणून असं होतं आणि रोज लावत राहिलं की टोकं थकतात. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती त्यांनीच सांगितली, गार मलम कमी झोंबतं. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आज झोंबलंच नाही.

सोबतचं पत्रक मात्र मी वाचायला नको होतं. त्यात कर्करोगाचा इशारा आहे. मी सरळ फोन लावला. मॅडमनी शांतपणे सांगितलं की हा इशारा अमेरिकेतल्या औषध खात्याने 2006 मध्ये लेबलवर घालायला लावला. भीतीचं मूळ अवयव बदललेल्या रुग्णांना हेच औषध पोटातून मोठ्या मात्रेत दिलं जातं त्यात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत होतं. चेहऱ्यावर मटारभर लावल्याने रक्तात जे पोचतं ते जवळपास नगण्य. लावायचं की नाही ते मी ठरवायचं, असंही म्हणाल्या. मी लावलं.

हे औषध जपानातल्या त्सुकुबा भागातल्या मातीत, एका जिवाणूत सापडलं, 1984 मध्ये. स्टिरॉइड अख्ख्या घराचं मेन स्विच पाडतं, तर हे एकाच खोलीतला दिवा घालवतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींना पेटवणारं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम ते अडवतं, कोलॅजनला हात लावत नाही, म्हणून कातडी पातळ होत नाही. पण मला खरं आवडलं ते वेगळंच. कातडीतून साधारण 500 डाल्टनपेक्षा (हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू सहसा आत जात नाही. क्लोबेटासॉलचा रेणू 467, म्हणजे सुखाने आत. टॅक्रोलिमसचा 804. निरोगी कातडीतून त्याला फारशी वाटच मिळत नाही. सुजलेल्या, तडे गेलेल्या कातडीतून शिरतं. कातडी बरी होत जाते तसं ते स्वतःच बाहेर राहायला लागतं. पाहुण्याने आपणहून निरोप घ्यावा तसं. अशी औषधं आणि असे पाहुणे दोन्ही विरळाच.

बोटांना मात्र मॅडमनी काय लिहून दिलं असेल? क्लोबेटासॉल. मी चिठ्ठी दोनदा वाचली.

"तेच?"

"तेच. पण एकटं, क्रीम नाही तर ऑइंटमेंट, योग्य जागेवर आणि तारीख ठरवून. पंधरा दिवस रात्री, मग आठवड्यातून दोन रात्री, मग नुसतं व्हॅसलीन."

किती घ्यायचं याचंही माप होतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि त्यात दोन तळहातांएवढी जागा होते. माझ्या तीन टोकांना तुरीच्या दाण्याएवढं पुरत होतं. मी आधी श्रीखंडासारखं थापत होते. वरून सुती हातमोजे घालून झोपायचं, म्हणजे औषध झाकलं जातं आणि जास्त मुरतं.

पॅच टेस्ट उन्हाळ्यात नको म्हणाल्या, घामाने पट्ट्या सुटतात. ती जुलैत झाली. सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत छोट्या वाट्या, वाटीत एकेक पदार्थ: निकेल, रबराची रसायनं, सुगंध, गाजर गवत आणि वेगळं मागवलेलं लसणाचं रसायन. गाजर गवत आपल्याकडच्या यादीत असतंच. 1955-56 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंद झाली आणि आता बांधाबांधावर आहे. बुधवारपर्यंत पाठ भिजवायची नाही, ओझं उचलायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. हे डबेवालीला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको सांगणं. दोन दिवस मी ओट्यापासून लांब, खुर्चीवर बसून जावेला सूचना देत होते. तिसऱ्या सूचनेनंतर तिने मला बाहेरच्या खोलीत पाठवलं. बुधवारी पट्ट्या काढल्या, पेनाने खुणा केल्या आणि शुक्रवारी पुन्हा बोलावलं. ही अॅलर्जी सावकाश चढते, म्हणून दोनदा बघतात. मुलीने फोनवर पाठीचा फोटो काढून दाखवला. सगळीकडे स्वच्छ आणि एका वाटीच्या जागी लाल, उंच, बारीक पाणी धरलेला गोल. लसूण.

हातमोज्यांनी काम भागेल असं वाटलं होतं. पण लसणातलं ते रसायन बहुतेक मोज्यांतून आरपार जातं. म्हणजे सोलणंच सोडायचं. लसूण जावेकडे गेला, माझ्याकडे पोळ्या आल्या. माझ्या पोळ्या तिच्यासारख्या फुगत नाहीत, मुलांनी दोनदा बोलूनही दाखवलं.

ऑगस्टअखेरीस बोटांच्या रेषा परतल्या होत्या. चेहऱ्याला पुढचं वर्ष उजाडलं. हनुवटीवरची लव गेली, पुटकुळ्या गेल्या, नाकाशेजारच्या दोन शिरा अजून आहेत आणि बहुधा राहतील. यांचा नायटा दीड महिन्यात बरा झाला. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खणात आता तीन ट्यूब असतात, प्रत्येकीवर मुलीने मार्करने लिहिलंय: "चेहरा", "बोटं", आणि तिसरीवर नुसतं "बाबा".

परवा दुपारी डबे गेल्यावर जाऊ माझ्यासमोर येऊन बसली आणि काही न बोलता तिने डावा हात पुढे केला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. "थंडी पडलीय ना," ती म्हणाली. दुसऱ्या हातात कोपऱ्यावरच्या मेडिकलची पिशवी होती. मी आधी पिशवी काढून घेतली आणि मग मॅडमच्या दवाखान्यात फोन लावला. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ मिळालीय. लसूण सोलायच्या मशीनची चौकशी करायला हे रविवार कारंजाच्या बाजारात गेलेत.